बापाची नोंद, लेकीच्या हातची

चळवळीचा इतिहास आपण बहुधा व्यासपीठावरून लिहितो. कोणी कोठे सभा घेतली, कोण तुरुंगात गेले, कोणाच्या आवाजाने मैदान हलले, हे आपल्याला तोंडपाठ असते. पण तो माणूस रात्री घरी परतला तेव्हा चूल पेटलेली होती काय, हे लिहिणारे फार थोडे. मलिका अमरशेख यांनी हे काम दोनदा केले. एकदा लेक म्हणून, एकदा पत्नी म्हणून. म्हणूनच मी त्यांना कवयित्रीइतकेच इतिहासाच्या साक्षीदार मानतो.

शाहीर अमरशेख, मूळचे महबूब हुसेन पटेल, यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत एका गरीब मुस्लिम घरात झाला. त्यांनी क्लीनरचे काम केले, गिरणीत घाम गाळला. १९४४ साली अण्णाभाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह ते लाल बावटा कलापथकात उभे राहिले. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह. पण त्यांचा खरा वाचक गिरणगावच्या मैदानात मांडी घालून बसलेला होता. पांढरपेशा साहित्याच्या दिवाणखान्यात अशा कवीला ‘प्रचारकी’ म्हणून बाजूला सारणे सोपे असते.

अमरशेखांची बार्शी ब्रिटिश मुलखात होती, तर माजलगाव तालुक्यातले आमचे दिंद्रुड निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ला निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. या संयुक्त महाराष्ट्रासाठी अमरशेखांनी आवाज झिजवला. त्या नकाशावर आमचे गावही आहे. म्हणून हा शाहीर आम्हांला परका नाही.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. पुढे दीड महिन्याच्या आतच, २९ ऑगस्टला, अमरशेख अपघातात गेले. मलिका तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. बारा वर्षांच्या मुलीजवळ बापाचा कालपट नसतो. त्याचा आवाज असतो, त्याची वाट पाहणे असते. पुढे त्यांनी ‘सूर एका वादळाचा’ या पुस्तकात हा बाप मराठी वाचकांपुढे ठेवला. जयंतीच्या भाषणातला शाहीर सर्वांचा असतो. घरातला बाप मात्र लेकरांनीच सांगायचा असतो.

१९७२ हे दलित पँथरचे आणि नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’चे वर्ष. शाहिराची ही लेक पुढे ढसाळांच्या घरात आली. १९८४ साली त्यांचे आत्मकथन ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ प्रसिद्ध झाले. बंडखोर कवीच्या संसारात आपल्या वाट्याला काय आले, ते त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता लिहिले.

अशा लेखनावर एक आक्षेप ठरलेला असतो: घरचे चव्हाट्यावर आणून चळवळीची बदनामी कशाला करायची? मला हा आक्षेप मान्य नाही. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. ही मोजपट्टी विरोधकाच्या घराला लावायची आणि आपल्या घराला नाही, असे कसे चालेल? घरातली साक्ष ‘गोलपिठा’चे मोल कमी करीत नाही. तो विद्रोह उंबरठ्याशी कोठे थांबला, एवढेच ती दाखविते. आणि पुढच्या पिढीच्या कार्यकर्त्याला नेमके हेच कळायला हवे.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो घरे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्या घरांतही गाणारे, जलसे केलेले, वह्या भरून ठेवलेले बाप आहेत. कोपीवरून कोपीवर सामान हलते, तेव्हा वही सर्वांत आधी हरवते. या लेकरांना शिकविणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. त्यांना बापावर लिहायला सांगा. बाप कोणत्या साली कोणत्या गावी गायला, तेही लिहू द्या आणि त्या रात्री घरी कोण उपाशी झोपले, तेही लिहू द्या.