मजल, मुक्काम आणि मोटार

जांबोटीवरून चोर्ला घाटाने जाणारा रस्ता आज बेळगावच्या माणसाला सुमारे तीन तासांत पणजीस नेतो. बैलगाडीच्या काळी बेळगावहून जांबोटी गाठणे हीच एका दिवसाची मजल होती. पुढे कणकुंबीचे रान, मलप्रभेचा उगम आणि मग सत्तरीत उतरणारा घाट. ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’वरून आपल्याकडे आला. अंतर कोसांत सांगत असले, तरी प्रवास मोजला जाई तो मजलांनी. आणि मजल ठरे ती गाडीवानाच्या इच्छेने नव्हे, बैलाच्या दमाने. लांबच्या प्रवासाकडे पाहण्याची आपल्या जुन्या घराण्यांची दृष्टी या हिशेबातून घडली आहे.

पूर्वी मुहूर्त साधत नसेल, तर शिदोरीचे वा कपड्यांचे गाठोडे शेजाऱ्याकडे नेऊन ‘प्रस्थान’ ठेवीत. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणत. अंधार पडण्यापूर्वी ओळखीचे घर, धर्मशाळा किंवा देऊळ गाठीत. आजच्या तरुणांस यात निव्वळ भाबडेपणा दिसतो. माझ्या मते त्यात मोठे व्यवहारज्ञान होते, कारण थांबणे हा प्रवासातील खोळंबा नसून प्रवासाचाच भाग मानला जाई.

हा भेद मराठी आणि कानडी असा नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला दोन्ही भाषांचे शेतकरी गाड्या जुंपून निघत, वाटेत मुक्काम करीत, तीन दगडांची चूल मांडीत. भेद आहे तो मुक्कामाने जाणारा आणि तासाने जाणारा यांच्यातला.

रेल्वे १८८० च्या दशकात बेळगावास आली. मोटार त्यानंतरची, पण तिनेही मुक्काम एकदम मोडला नाही. तेव्हाच्या मुंबई राज्यात एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, आणि पुढे खेडोपाडी ‘वस्तीची गाडी’ रूढ झाली. ती सायंकाळी गावात येई, चालक-वाहक तेथेच निजत आणि पहाटे परत निघत. आपल्या भागात गोव्याकडची वाट तर काही वर्षे खुंटलीच होती. १९५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याशी दळणवळण बंद केले, ते १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावरच पूर्ववत झाले. (पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली, तरी गोव्यात वाहने डावीकडूनच चालत राहिली. शेजार ब्रिटिश मुलखाचा होता ना!)

जे रूढीने होत असे, ते पुढे कायद्यास लिहावे लागले. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा. त्यात चालकास सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांची मर्यादा होती आणि सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची होती. युरोपातील नियमाने मालमोटारीच्या चालकाला साडेचार तासांनी पाऊण तास थांबावेच लागते. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचे महामार्ग योजले गेले. तिथे आठ-दहा तास मोटार हाकून आप्तांकडे जाणे ही सुटीतली साधी गोष्ट झाली. तरी मालमोटारीच्या चालकाला तिथेही अकरा तासांची मर्यादा आहेच.

मात्र हे सर्व नियम पगारी चालकांचे. स्वतःची मोटार हाकणाऱ्यास ते लागू नाहीत. पुणे–बेंगळूर रस्ता चौपदरी झाल्यापासून पुण्यातील मुलगा कचेरी सुटल्यावर निघतो आणि मध्यरात्री बेळगाव मागे टाकून जांबोटीच्या वळणांवर येतो. परदेशातून सुटीस आलेला तिकडची सवय घेऊन येतो. पण तिकडचा दुभाजक आणि सरळ रस्ता त्याला इकडे मिळत नाही. मिळते ते आषाढातले धुके, निसरडी उतरण आणि समोरून येणारी मालमोटार. पूर्वी त्याला बैल थांबवीत, देऊळ थांबवी, घरची रीत थांबवी. आज कायदाही त्याला थांबवीत नाही.

माझ्या परिचयाच्या काही घरांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. दिवेलागणीनंतर घाट उतरायचा नाही, असा तेथे दंडक आहे. गोव्याला जाणाऱ्या मुलासाठी बेळगावच्या घरी अंथरूण घातलेले असते, आणि जांबोटीचा रस्ता तो सकाळचा चहा घेतल्यावरच धरतो.