वऱ्हाडचें फळ, नागपूरचें नांव

स्पेन देशाच्या उत्तरेस एब्रो नदीच्या खोऱ्यांत रिओहा नांवाचा प्रांत आहे. तेथील द्राक्षांचें मद्य जगभर नांवाजलेलें आहे. आम्हां वऱ्हाडकरांस त्या मद्याच्या चवीशीं कांहीं कर्तव्य नाहीं. परंतु एक फळ आणि एक माती यांच्या नात्याचा जो विचार त्या लोकांनीं केला, तो आमच्या उपयोगाचा आहे. वरूड-मोर्शीकडील संत्र्यांच्या बागांतून जो एकदां पायीं हिंडला असेल, त्यास याचें कारण सांगावयास नको.

माती, उतार, पाऊस, वारा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट यांच्या योगानें फळास जो गुण येतो, त्यास आपण भूमिगुण म्हणूं. रिओहाच्या उत्तरेस कांताब्रियाची डोंगररांग समुद्रावरून येणारे थंड, ओले वारे अडविते. तिच्या पायथ्याच्या चुनखडीमिश्रित चिकणमातींत टेम्प्रानियो नांवाचें काळें द्राक्ष होतें. तें लवकर पिकतें म्हणून त्यास तें नांव.

आतां आपल्याकडे पहा. वऱ्हाडच्याही उत्तरेस सातपुड्याची भिंत आहे. तिच्या पायथ्याशीं वरूड, मोर्शी, चांदूरबाजार, अचलपूर या भागांत जेथें जमिनींतून पाण्याचा निचरा होतो, तेथें संत्रें रुजलें. त्याच अमरावती जिल्ह्यांत दर्यापुराकडे उतरावें आणि तसेंच पुढें अकोल्याकडे जावें, तों पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा लागतो. तेथें विहिरीचें पाणी खारट, म्हणून कापूस, तूर, ज्वारी, हरभरा हीं पावसावरचीं पिकें पिकतात. संत्र्याचें नांव कोणी काढीत नाहीं. शेजारशेजारच्या तालुक्यांत एवढा भेद ज्यानें पाहिला, त्यास भूमिगुण म्हणजे काय हें ग्रंथांतून शिकण्याची गरज नाहीं.

या फळाचा इतिहासही मनोरंजक आहे. आपला संस्कृत ‘नारङ्ग’ हा शब्द फारसी व अरबी यांच्या मार्गानें स्पेनांत जाऊन ‘नारांखा’ झाला. उलट, ‘संत्रा’ हा शब्द पोर्तुगालांतील सिंत्रा गांवावरून आला, असें कोणी सांगतात. परंतु बाबरानें आपल्या आत्मवृत्तांत ‘संगतरा’ या फळाचा उल्लेख केला असल्यामुळें तें मत टिकणें कठीण दिसतें. नागपूरच्या भोसल्यांनीं हीं झाडें औरंगाबादेहून आणविलीं, अशी आपल्याकडील परंपरा आहे. म्हणजे जें फळ आज या मातीचें भूषण म्हणून मिरवतें, तें मुळांत पाहुणें होय.

आणि पाहुणें तें दुसऱ्याच्या पायावर उभें आहे! वरूडजवळील शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंभिरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. मूळ जंभिरीचें, फळ संत्र्याचें. रिओहाची कथा याहून निराळी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेहून आलेल्या फिलोक्सेरा नांवाच्या सूक्ष्म किडीनें फ्रान्सचे द्राक्षमळे मुळापासून खाल्ले. तेव्हां फ्रेंच व्यापारी मद्यासाठीं रिओहाकडे धांवले व त्या प्रांताची भरभराट झाली. पुढें १८९९ च्या सुमारास तीच कीड तेथेंही पोंचली. उपाय सांपडला तो अमेरिकन वेलाच्या मुळांवर युरोपीय द्राक्षाचें कलम बांधण्याचा. तेव्हां भूमिगुण म्हणजे कुळाची शुद्धता नव्हे. ती माणसानें मातीशीं जुळवून घेतलेली रीत आहे.

पुष्कळ वऱ्हाडकरांचें दुःख निराळेंच आहे. फळ आमच्या वरूड-मोर्शीचें, आणि बाजारांत नांव मात्र नागपूरचें! ‘नागपुरी संत्रा’ या नांवास २०१४ सालीं भौगोलिक निर्देशाचें कायदेशीर संरक्षणही मिळालें. ही तक्रार खोटी नाहीं. परंतु नांवाची कथा आम्हीं एकदां अनुभवली आहे, तिची आठवण ठेवावी. एकोणिसाव्या शतकांत अमरावतीच्या कापसाचें नांव थेट लिव्हरपूलच्या बाजारांत गेलें. तेथें त्यास ‘ऊमरा’ म्हणत. त्या नांवास राखणदार नव्हता. हळूहळू खानदेशापासून मध्य हिंदुस्थानापर्यंतचा कापूस त्याच नांवाखालीं विकला जाऊं लागला, आणि अमरावती ही एका व्यापारी प्रतीची चिठ्ठी तेवढी उरली. रिओहानें १९२६ सालीं नियामक मंडळ स्थापून नांवावर पहारा बसविला, आणि १९९१ सालीं त्या प्रांतास स्पेनमधील सर्वांत वरचा दर्जा मिळाला. नांव कोणतें यापेक्षां त्यामागें पहारा आहे कीं नाहीं, हाच खरा प्रश्न आहे.

आमच्या मतें तो पहारा केवळ नांवावर बसवून भागणार नाहीं. संत्र्याची सारी विद्या पाण्याची आहे. हिंवाळ्यांत झाडास पाणी तोडून ताण द्यावयाचा व मग पाणी सोडून आंबिया बहार धरावयाचा; किंवा उन्हाळ्यांत ताण देऊन पावसाच्या आरंभीं मृगबहार घ्यावयाचा. झाडास किती तहान सोसवते हें जाणणारा तोच खरा बागाईतदार. परंतु ताण देणें शेतकऱ्याच्या हातीं असावयाचें, तर मागाहून देण्यास विहिरींत पाणी असावें लागतें. बोअर खोल खोल जात राहिले, आणि सरकारी मोजणींत वरूड-मोर्शीचा प्रदेश भूजलाच्या अतिउपशाचा ठरला. २०१९ च्या उन्हाळ्यांत कित्येकांच्या बागा उभ्या वाळल्या. जो ताण माणूस झाडास देत असे, तो आतां जमीनच माणसास देऊं लागली.

वेल किडीनें गेला तर नव्या मुळावर कलम बांधतां येतें, हें रिओहानें दाखविलें. पाणी आटलेल्या जमिनीस मात्र कोणत्या मुळाचें कलम बांधावें, हें आम्हांस अद्याप कोणी शिकविलेलें नाहीं. नांव नागपूरचें असो कीं अमरावतीचें. तें टिकावें असें वाटत असेल, तर आपण वऱ्हाडकरांनीं आधीं आपल्या विहिरींत डोकावून पाहिलें पाहिजे.