पस्तीस रुपयांत यायला तयार होते, तरीही...

"पोरं स्वखुशीने येतात, मी कुठे जबरदस्ती करतो?" कमी पगार देणारे हे आजही म्हणतात. याचं उत्तर १९५४ सालीच मिळालंय.

अजमेरची बिजय कॉटन मिल. १९४८च्या किमान वेतन कायद्याखाली महिना ५६ रुपये ठरले. मालक म्हणाले परवडत नाही, गिरणी बंद. बेकार झालेले शेकडो कामगार ३५ रुपयांतही यायला तयार झाले. सुप्रीम कोर्टाने ऐकलं नाही: गरिबी आणि लाचारीपोटी कामगार कमी पैशांत राजी झाला, तरी मालकाला सुटका नाही.

छोट्या धंद्याची ओढाताण खरीच आहे. त्याला स्वस्त कर्ज द्या, करात सवलत द्या. पण ती तूट हमालाच्या, हेल्परच्या पगारातून भरून काढू नका.