पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांची जोडणी

अंतर्ज्वलन एंजिनात पिस्टनची सरळ रेषेतील ये-जा क्रँकपर्यंत पोहोचविणारा कनेक्टिंग रॉड पिस्टनला ज्या पोकळ पोलादी दांडीने जोडलेला असतो, तिला गजन पिन म्हणतात. आणि घरच्या घरी एंजिन उलगडून पुन्हा बांधणाऱ्या हौशी माणसाच्या हातून जी कामे बिघडण्याचा संभव अधिक, त्यांत या पिनेच्या बसवणीचा क्रम बराच वर लागतो.

जोडणीचे तिन्ही प्रचलित प्रकार एकाच कुळात पाहावयाचे असल्यास, १९५१ साली ऑस्टिन ए-३० या मोटारीबरोबर आलेल्या ब्रिटिश ए-सीरीज एंजिनाचा दाखला सोयीचा आहे. मॉरिस मायनरमधील ९४८ घ. सेंमी. एंजिनात रॉडचे लहान टोक चिरलेले असून ते बोल्टाने पिनेवर आवळले जाते. हा बोल्ट आवळताना खुद्द रॉड शेगड्यात धरल्यास त्याला पीळ पडतो. सबब पिनेच्या दोन्ही तोंडांत गुडद्या बसवून त्या शेगड्यात धरण्याची तजवीज करावी लागते, आणि पिनेच्या मध्यावरील खाच बोल्टाच्या छिद्रासमोर आणल्यावाचून बोल्ट आत जात नाही. पुढील १०९८ घ. सेंमी. एंजिनात पिन पिस्टन व रॉड या दोहोंतही मोकळी असून तिला दोन्ही बाजूंस सर्क्लिपांचा, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगदार कड्यांचा, अटकाव असतो. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्यामुळे, पिस्टन कढत पाण्यात काही वेळ ठेवला की एरवी हट्टाने अडणारी पिन अंगठ्याच्या दाबाने सरकते. हातोडीवर श्रद्धा असणाऱ्यांनी हे एकदा पाहावेच. सर्क्लिप मात्र नेहमी नवे घ्यावे व ते खाचेत सर्व बाजूंनी बसले आहे की नाही, हे बारकाईने पाहावे, कारण सुटलेले सर्क्लिप सिलिंडरची भिंत ओरखडून काढते.

१२७५ घ. सेंमी. एंजिनात पिन रॉडच्या छिद्रापेक्षा किंचित जाड असते. ती बसविण्यास खास दाबयंत्र तरी हवे किंवा रॉडचे टोक अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापविणे तरी. तापविलेल्या टोकात पिन एका दमात योग्य खोलीपर्यंत गेली पाहिजे, कारण थंड पिन उष्णता शोषून घेताच टोक आकसते आणि पिन अर्ध्यावर जखडून बसते. हे काम जाणत्या कारखान्याकडे सोपविण्यात कमीपणा नाही.

दिशेचा प्रश्न तिन्ही प्रकारांत समान आहे. अनेक पिस्टनांत पिनेचा अक्ष मध्यरेषेपासून हेतुपुरस्सर थोडा ढळविलेला असतो, म्हणून पिस्टनच्या माथ्यावरील खूण पुढेच राहिली पाहिजे. तो उलटा बसल्यास थंड एंजिनात त्याचा खडखडाट वाढतो. शिवाय ए-सीरीज एंजिनात रॉडचे मोठे टोकही एका बाजूस सरकलेले असल्याने कोणता रॉड कोणत्या सिलिंडरचा, हे उलगडतानाच आकड्यांनी नोंदवावे. मोठ्या टोकाची टोपी रॉडला जोडूनच छिद्र कातलेले असते, त्यामुळे टोप्यांची अदलाबदल चालत नाही. रॉडची सरळता तपासून झाल्यावरच पिस्टनच्या रिंगा चढवाव्यात, कारण त्या ठिसूळ असतात आणि या सर्व हाताळणीत सहज मोडतात.