प्रागैतिहासिक जीवनाचे कृतिशिक्षण : परभणी परिसर

लेखनकलेच्या उदयापूर्वीच्या मानवी जीवनाची ओळख मुलांना मूळ वस्तू, प्रतिकृती व प्रत्यक्ष कृती यांच्या साहाय्याने करून देणारी वस्तुसंग्रहालयीन शिक्षणपद्धती. या कालखंडाविषयी लिखित साधने उपलब्ध नसतात. दगडी हत्यारे, खापरे, हाडे, राख, जळके दाणे व घरांच्या जमिनी एवढाच त्याचा पुरावा असतो. त्यामुळे वस्तू पाहून, हाताळून व तिच्याविषयी तर्क करून शिकण्याची पद्धती या विषयास विशेष अनुरूप ठरते.

खास मुलांसाठी उभारलेले जगातील पहिले वस्तुसंग्रहालय ब्रुकलिन येथे १८९९ मध्ये स्थापन झाले. पुढे बॉस्टनच्या बालसंग्रहालयाचे संचालकपद १९६२ मध्ये मायकेल स्पॉक यांच्याकडे आले व काचेच्या कपाटातील वस्तू मुलांच्या हाती देण्याच्या प्रथेस त्यांच्या कारकीर्दीत चालना मिळाली. डेन्मार्कमधील लायरे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रात प्राचीन पद्धतीची घरे बांधून त्यांत प्रयोग करण्यात आले. महाराष्ट्रात ह. धी. सांकलिया (१९०८–८९) यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये प्रागितिहासाच्या अभ्यासाचा पाया घातला. अश्मयुगीन हत्यारांची तंत्रे, नावे व संभाव्य उपयोग यांवरील त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. हत्यार कसे घडले, हा या ग्रंथातील प्रश्न शालेय कृतिशिक्षणाच्याही केंद्रस्थानी आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : परभणी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते. दुधना नदी पूर्णेस व पूर्णा गोदावरीस मिळते. हा प्रदेश मुख्यतः दख्खनच्या लाव्हा खडकांचा असून ते सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. या खडकांच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक, कॅल्सेडोनी व जास्पर हे कठीण दगड नद्यांच्या वाळूगोट्यांत आढळतात. प्राचीन मानवाने बारीक व धारदार हत्यारांसाठी हेच दगड निवडले. गोदावरीच्याच काठी, वरच्या बाजूस, पैठणजवळील मुंगी येथे ए. बी. विन यांना एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जीवाश्मयुक्त वाळूगोट्यांत अकिकाचा मानवनिर्मित छिलका मिळाला. भारतातील अश्मयुगीन संशोधनाच्या अगदी आरंभीच्या शोधांपैकी हा एक होय. नासिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात सापडलेल्या नामशेष हत्तीच्या जीवाश्मांचे वर्णन जी. ई. पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रवरेकाठच्या नेवासे परिसरातील चिर्की येथे गुड्रून कॉर्व्हिनस यांनी १९६० नंतरच्या दशकात केलेल्या उत्खननात पुराणाश्मयुगीन हातकुऱ्हाडी विपुल प्रमाणात मिळाल्या. परभणीच्या विद्यार्थ्याला परिचित असलेली नदी अशा रीतीने त्या पाठाचे पहिले साधन बनते.

कृतींचे स्वरूप : पहिली कृती निरीक्षणाची असते. नदीत आपोआप फुटलेला गोटा व हत्याराची प्रतिकृती मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवतात. आघाताने निघालेल्या छिलक्यावर, आघातबिंदूच्या खाली, एक लहानसा फुगवटा व त्याभोवती तरंगांसारख्या रेषा दिसतात. एकाच दिशेने व ठरावीक अंतराने पडलेले असे छिलके मानवी हेतूचे निदर्शक असतात. दगड फोडण्याचे प्रात्यक्षिक प्रौढ व्यक्तीने डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून करावयाचे असते. मुले तेच तंत्र साबणाच्या वडीवर आजमावतात. दुसऱ्या कृतीत पेटीत वेगवेगळ्या रंगांच्या मातीचे थर भरून त्यांत खापरे व हाडे पुरतात. वस्तू बाहेर काढण्यापूर्वी तिचा थर, खोली व शेजारच्या वस्तू यांची नोंद करणे हा या खेळाचा मुख्य नियम होय.

ताम्रपाषाण युगासाठी पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव (सु. इ. स. पू. १६००–७००) हे उत्तम उदाहरण आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन होऊन १३० हून अधिक घरांचे अवशेष उघडकीस आले. जोर्वे संस्कृतीच्या पूर्वार्धातील घरे आयताकृती व प्रशस्त, तर उत्तरार्धातील झोपड्या बहुधा लहान व गोलाकार होत्या. दोन्हींचे आराखडे दोरी व खुंट्यांच्या साहाय्याने शाळेच्या पटांगणात आखले असता, एका घरात किती माणसे राहू शकतील व घरे लहान का झाली असतील, हे प्रश्न मुलांपुढे आपोआप उभे राहतात. म. के. ढवळीकर यांनी या बदलाचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी व शेतीच्या ऱ्हासाशी जोडला आहे. अवर्षणाचा अनुभव असलेल्या मराठवाड्यातील मुलांना हा तर्क समजणे कठीण जात नाही.

परिचित वस्तूंचा उपयोग व मर्यादा : कुडाची भिंत, पाटा-वरवंटा, धान्याचे पेव, कणगी व गोफण या वस्तू ग्रामीण मुलांना घरातून किंवा आजी-आजोबांच्या बोलण्यातून ठाऊक असतात. इनामगावच्या घरांच्या भिंती कुडाच्या होत्या, तसेच तेथे धान्य साठविण्याची पेवेही आढळली. अशा साम्यामुळे हजारो वर्षांपूर्वीचे जीवन जवळचे वाटू लागते. मात्र हेच साम्य दिशाभूलही करते. आजचे प्रमुख अन्न ज्वारीची भाकरी असल्याने प्राचीन मानवही तीच खात असावा, असे मुले गृहीत धरतात. प्रत्यक्षात इनामगावचे मुख्य पीक जव होते, तर मिरची व मका ही अमेरिकेतून आलेली पिके सोळाव्या शतकापूर्वी या देशात नव्हती. मानव व डायनोसॉर यांना एकाच चित्रात दाखविण्याची चूकही अशीच दूर करावी लागते. डायनोसॉर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाले, तर भारतातील दगडी हत्यारांचा सर्वांत प्राचीन पुरावा मानला गेलेल्या तमिळनाडूमधील अत्तिरमपक्कम येथील हत्यारांचे वय सु. १५ लक्ष वर्षे आहे. एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर असे प्रमाण धरून दोरी ताणली, तर इनामगाव सु. तीन मीटरवर, अत्तिरमपक्कम दीड किमी.वर व डायनोसॉरांचा अंत ६६ किमी.वर येतो.

संग्रह व संरक्षण : नदीपात्रात किंवा शेतात मिळालेला संशयित दगड घरी आणून ठेवल्यास त्याचे स्थान व थर यांची माहिती कायमची नष्ट होते; हत्यार हाती उरते, पण त्याचा पुरावा म्हणून असलेला अर्थ बव्हंशी लोपतो. म्हणून मुलांना वस्तू न उचलता तिचे छायाचित्र घेणे, ठिकाण नोंदविणे व पुरातत्त्व विभागास कळविणे शिकविणे आवश्यक ठरते. हाताळण्यासाठी प्रतिकृती वापरण्याचे कारणही हेच आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरते वस्तुसंग्रहालय व २०१९ मध्ये बालसंग्रहालय सुरू केले. मुंबई-पुण्यापासून शेकडो किमी. अंतरावरील शाळांना फिरते संग्रहालय व प्रतिकृतींची पेटी ही साधने विशेष उपयुक्त ठरू शकतात. पेटीतील वस्तू थोड्या असल्या, तरी प्रत्येक वस्तूबाबत ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागणे, हेच या शिक्षणाच्या यशाचे गमक मानावे लागते.