पिकअप पंक्चर झाली? जॅक लावण्याआधीची दहा मिनिटं सर्वात महत्त्वाची का असतात?

समजा, नोव्हेंबरची रात्र आहे. साकोलीहून भाजी भरून नागपूरच्या कळमना मार्केटला निघालेली एक पिकअप लाखनीच्या पुढे आली आहे. अचानक गाडी एका बाजूला ओढायला लागते. ड्रायव्हरला कळतं, मागचं उजवं चाक बसलं. तो जिथे आहे तिथेच गाडी थांबवतो, सीटमागून जॅक काढतो आणि रस्त्याच्या बाजूला पाठ करून चाकाजवळ बसतो.

या प्रसंगात सगळ्यात धोकादायक गोष्ट कोणती? पंक्चर नक्कीच नाही. धोका आहे तो मागून ८० च्या वेगाने येणाऱ्या ट्रकचा, ज्याच्या ड्रायव्हरला पुढे गाडी उभी आहे हे माहीतच नाही. दुसरा धोका आहे तो जॅकवर तोललेल्या दीड टन मालाचा.

चाक बदलणं अनेकांना येतं. पण चाक बदलण्याआधीची तयारी बहुतेक जण घाईत उरकतात किंवा करतच नाहीत. ती तयारी नेमकी कशी करायची? समजून घेऊया.

भंडाऱ्यात हे माहीत असणं गरजेचं का?

भंडारा हा धानाचा जिल्हा. शेतातून खरेदी केंद्रावर, तिथून तुमसर आणि आजूबाजूच्या राइस मिलमध्ये, शिवाय भाजीपाला नागपूरला, अशी बरीच वाहतूक बोलेरो पिकअप, 'छोटा हत्ती' अशा लहान मालगाड्यांवर चालते. या गाड्या सकाळी शेतातल्या पांदण रस्त्यावर असतात आणि रात्री राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. हाच आपला जुना ६ नंबरचा, म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्ग. मौदा, भंडारा, लाखनी, साकोली, देवरी असा जाणारा हा रस्ता जड वाहतुकीचा आहे.

म्हणजे पांदणीत चाकात खिळा किंवा काटा घुसतो आणि हवा जाते ती हायवेवर. त्यात गाडी भरलेली, वेळ रात्रीची आणि पावसाळा असेल तर साइडपट्टी चिखलाची.

चाक बसलं, आता गाडी कुठे थांबवायची?

गाडी ओढायला लागली की पहिली चूक होते ती जोरात ब्रेक मारण्याची. भरलेली पिकअप अशा वेळी आडवी होऊ शकते. त्याऐवजी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि वेग आपोआप कमी होऊ द्या. मग इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे या.

आता जागा निवडा. पेट्रोल पंप, ढाबा, टोल नाक्याजवळची मोकळी जागा किंवा ट्रक थांबण्यासाठी केलेला ले-बाय सगळ्यात चांगला. तो नसेल तर रस्ता सरळ आणि सपाट असावा आणि गाडी पूर्णपणे डांबरी पट्ट्याच्या बाहेर यावी. वळण, चढ-उतार, वैनगंगेवरचा पूल, उड्डाणपूल आणि मधल्या दुभाजकाची बाजू या जागा टाळाच. साकोलीच्या पुढे देवरीकडे जाताना नवेगाव आणि नागझिऱ्याच्या जंगलांना जोडणारा पट्टा लागतो. तिथे रात्री वन्यप्राणी रस्ता ओलांडतात. शक्य असेल तर तो भाग मागे टाकून वस्तीजवळ थांबा.

"पण पंक्चर चाकावर गाडी चालवली तर टायर फाटेल ना?" फाटू शकतो, आणि जास्त चालवली तर रिमही वाकू शकते. तरी माणसी चालीच्या वेगाने शे-दोनशे मीटर जाऊन सुरक्षित जागा मिळत असेल तर जा. टायर नवा घेता येतो.

रस्त्याच्या मधोमध किंवा धोकादायक जागी गाडी सोडणं कायद्यानेही चूक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२२ मध्ये, इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत वाहन उभं ठेवू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे.

मागून येणाऱ्याला कसं कळणार?

गाडी थांबताच चारही इंडिकेटर, म्हणजे हॅझर्ड लाइट सुरू करा. रात्री पार्किंग लाइटही चालू ठेवा. मग लाल परावर्तक त्रिकोण काढा. नवी गाडी विकताना कंपनीने हा त्रिकोण द्यायलाच हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सांगतात. तुमच्या गाडीत तो आहे का, हे आजच बघून घ्या.

बरेच जण त्रिकोण गाडीच्या मागे पाच-दहा पावलांवर ठेवतात. याचा उपयोग जवळपास शून्य. हिशेब करून पाहा. ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. ड्रायव्हरला त्रिकोण दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद गेले, तर ४४ मीटर संपले. त्यानंतर गाडी थांबायला आणखी साधारण ५० मीटर लागतात. भरलेल्या ट्रकला किंवा ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

म्हणून हायवेवर त्रिकोण किमान १०० मीटर मागे, म्हणजे मोठी सव्वाशे-दीडशे पावलं चालून ठेवा. जाताना रस्त्यावरून नाही, मातीच्या कडेने चाला, नजर येणाऱ्या गाड्यांकडे ठेवा आणि त्रिकोण हातात समोर धरा. मागे वळण असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे हवा, नाहीतर तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. दुभाजक नसलेल्या दोन पदरी रस्त्यावर पुढच्या बाजूनेही काहीतरी खूण ठेवा.

त्रिकोण नाही म्हणून अनेक जण झाडाची फांदी किंवा दगड रस्त्यावर ठेवतात. रात्री हे दगड दिसत नाहीत आणि दुचाकीवाल्याचा जीव घेऊ शकतात. दगड डांबरी रस्त्यावर मांडू नका. टॉर्च असलेला एक माणूस कडेला उभा करणं त्यापेक्षा बरं.

सोबत मजूर किंवा घरचे लोक असतील तर सगळ्यांना खाली उतरवून रस्त्यापासून दूर, मातीच्या बाजूला उभं करा. गाडीच्या लगेच मागे किंवा पुढे कोणीही थांबू नये. मागून धडक बसली तर गाडी तिकडेच ढकलली जाते.

गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. मग दगड कशाला लावायचा?

हा प्रश्न बऱ्याच ड्रायव्हरांना पडतो. याचं उत्तर मागच्या एक्सेलमध्ये आहे.

बहुतेक पिकअपमध्ये इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते. दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं, ज्यामुळे दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात. मागचं एक चाक जॅकवर उचललं की ते हवेत मोकळं होतं. मग गाडी गिअरमध्ये असली तरी जमिनीवरचं चाक फिरू शकतं आणि हवेतलं उलटं फिरतं. म्हणजे गिअरचा आधार गेला. हँडब्रेकही साधारणपणे मागच्याच चाकांवर काम करतो. एक चाक हवेत असल्याने आता फक्त दुसरं चाक गाडी धरून ठेवतं. जुन्या गाडीत हँडब्रेकची वायर ढिली झालेली असेल तर तेही नाही.

म्हणून इंजिन बंद, पहिला किंवा रिव्हर्स गिअर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, आणि त्यानंतर पुढच्या चाकांना पुढून आणि मागून ओट. लाकडाचे तिरके कापलेले ठोकळे सगळ्यात चांगले. नसतील तर मोठे, चपटे दगड चालतील. गोल दगड नको, चाक त्यावरून निसटतं. पुढचं चाक बदलायचं असेल तर ओट मागच्या चाकांना लावा.

माल उतरवायचा की नाही?

कोणालाच नको असलेलं हे काम आहे, पण विचार करा. ४० किलोचे ३५ कट्टे म्हणजे १,४०० किलो. पिकअपमध्ये यातला मोठा भार मागच्या एक्सेलवर येतो. आता जॅकवर छापलेली क्षमता बघा. छोट्या गाडीचा उसना आणलेला जॅक पिकअपखाली लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

जॅक गाडीचाच असेल, जमीन पक्की आणि सपाट असेल तर भरलेली गाडी उचलता येते. पण जमीन मऊ असेल, गाडी पंक्चर बाजूला जास्त झुकली असेल किंवा माल उंच रचलेला असेल, तर झुकलेल्या बाजूचे आणि वरच्या थरातले कट्टे आधी उतरवा. ते मातीच्या बाजूला ठेवा. अर्ध्या तासाचं काम वाढेल, पण गाडी कलंडणार नाही. डाल्यात माणसं बसवून गाडी कधीही उचलू नका.

स्टेपनी आधी का काढायची?

बऱ्याच पिकअपमध्ये स्टेपनी डाल्याच्या खाली साखळीने टांगलेली असते. काही जण आधी गाडी उचलतात आणि मग स्टेपनी काढायला खाली शिरतात. जॅक निसटला तर माणूस थेट गाडीखाली सापडतो. त्यामुळे चारही बाजूंनी ओट लावून झाले की गाडी जमिनीवर असतानाच स्टेपनी बाहेर काढा.

बाहेर काढल्यावर तिची हवा तपासा. स्टेपनीतच हवा नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग ती जॅकच्या शेजारी, चेसिसच्या खाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी स्टेपनीवर टेकेल, तुमच्या हातावर नाही. पंक्चर चाक निघालं की ते स्टेपनीच्या जागी ठेवा आणि स्टेपनी बाहेर घ्या.

जाता जाता एक गंमत. आपण रोज वापरतो तो 'स्टेपनी' शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या एका रस्त्याच्या नावावरून आला. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक बनवायला सुरुवात केली. त्या काळी बऱ्याच गाड्यांसोबत जादा चाक येतच नसे.

जॅक कुठे लावायचा, नट कधी सैल करायचे?

नट आधी, जॅक नंतर. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. चाक हवेत गेलं की पाना लावल्यावर चाकच फिरतं, आणि घट्ट नटावर जोर लावताना गाडी जॅकवरून हलते. नट गंजले असतील तर पान्याला लोखंडी पाइप जोडा, कमी जोरात काम होतं.

जॅकची जागा गाडीसोबतच्या पुस्तकात चित्रासह दिलेली असते. मागच्या चाकासाठी ती साधारणपणे एक्सेलखाली, चाकाच्या जवळ, पाट्यांच्या शेजारी असते. मधल्या गोळ्याखाली जॅक लावू नका, तिथे गाडी डुगडुगते.

भंडाऱ्यातल्या काळ्या, चिकण मातीत जॅक सरळ खाली रुततो. त्यामुळे जॅकखाली फूटभर रुंद, जाड लाकडी फळी ठेवा. वीट ठेवू नका, ती भाराखाली फुटते. जॅक सरळ उभा आहे ना, हे थोडं उचलून थांबून बघा. तिरका वाटला तर खाली घेऊन पुन्हा लावा.

स्वतः चाक कधी बदलू नये?

रात्रीची वेळ आहे, पंक्चर चाक वाहत्या रस्त्याच्या बाजूला आहे आणि गाडी पूर्ण बाहेर घेता येत नाही. किंवा गाडी पुलावर, वळणावर, उतारावर आहे. अशा वेळी जॅकला हात लावू नका. हॅझर्ड लाइट सुरू ठेवा, त्रिकोण ठेवा, स्वतः रस्त्यापासून दूर व्हा आणि फोन करा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक चोवीस तास सुरू असतो. कोणी जखमी असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर जागा सांगताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि तुम्ही कोणत्या दिशेने जात आहात हे सांगा. मदत लवकर पोहोचते.

गाडी घरून निघण्याआधी काय बघायचं?

- स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा. ती भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकाइतकी ठेवा. पुढे लावायची वेळ आली तर थोडी सोडता येते, पण रस्त्यावर भरता येत नाही. योग्य आकडा दरवाजाजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो.
- स्टेपनीची साखळी चिखलाने, गंजाने अडकलेली नाही ना. पावसाळ्यानंतर एकदा खाली घेऊन तेल लावा.
- टायरची नक्षी. चारचाकीसाठी ती किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. नक्षीच्या खाचेतल्या लहान उंचवट्यांपर्यंत टायर झिजला की तो बदला.
- जॅक चालतो का, पाना नटांना नीट बसतो का, हे घरीच करून बघा.
- दोन ठोकळे, फळी, पाइप, त्रिकोण, डोक्याला लावायचा टॉर्च, चमकणारं जॅकेट, हातमोजे, खाली टाकायला रिकामं पोतं आणि पिण्याचं पाणी.

चाक बदलून झालं की नट एकाआड एक घट्ट करा. पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून पुन्हा तपासा. आणि निघण्याआधी एकदा मागे वळून बघा. चाकाला लावलेला दगड रस्त्यावर राहिला असेल तर उचलून बाजूला टाका. तुमच्या मागून त्याच रस्त्याने कोणीतरी दुचाकीवर घरी जात असतं.