टीबी झाला, मग एचआयव्हीची तपासणी कशाला?

टीबीचं निदान झालं की आम्ही डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही लिहून देतो. ‘डॉक्टर, माझ्यावर संशय घेताय का?’ असं हिंजवडीतले माझे रुग्णही विचारतात. यात संशयाचा प्रश्न नाही. या सल्ल्यामागे इतिहास आहे आणि त्यातलं एक महत्त्वाचं पान आपल्या पुण्यात लिहिलं गेलं आहे.

जुना जंतू, नवा विषाणू

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, पुढे आणखी औषधं आली आणि हा आजार बरा होऊ लागला. एचआयव्ही मात्र १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. भारतात तो प्रथम १९८६ मध्ये मद्रासला आढळला. १९९२ मध्ये भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू आधीच झोपलेले होते.

शरीरात काय घडतं?

हे जंतू आपोआप झोपून राहत नाहीत. रोगप्रतिकारक पेशी त्यांच्याभोवती कडं करून त्यांना कोंडून ठेवतात. या पेशींना हुकूम देतात त्या सीडी४ पेशी, आणि एचआयव्ही नेमक्या त्याच मारतो. कडं ढिलं पडतं, जंतू बाहेर पडतात. एरवी अशा व्यक्तीला टीबी होण्याची शक्यता आयुष्यभरात ५ ते १० टक्के असते. एचआयव्हीवर उपचार नसतील तर ती दर वर्षाला सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाते.

उलट बाजूनेही नुकसान होतं. टीबीशी लढायला शरीर सीडी४ पेशींना जागं करतं, आणि जाग्या पेशीत एचआयव्ही झपाट्याने वाढतो. म्हणजे बचावाची धडपडच आगीत तेल ओतते.

ससूनमधल्या माता

पुण्यातलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, ससून रुग्णालय आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी २००२ पासून एचआयव्हीबाधित माता आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. स्तनपानातून बाळाला होणारी लागण औषधाने कमी करता येते का, हे मुळात पाहायचं होतं. पण त्याच नोंदींतून टीबीबद्दलही मोठी गोष्ट कळली.

टीबी झालेल्या ३३ मातांपैकी १० जणींच्या बाळांना एचआयव्हीची लागण झाली, म्हणजे ३० टक्के. टीबी नसलेल्या ७५० मातांपैकी ८७ जणींच्या बाळांना झाली, म्हणजे १२ टक्के. इतर कारणांचा हिशोब केल्यावरही धोका सुमारे अडीच पट निघाला. टीबी झालेल्या माता आणि त्यांची बाळं यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं.

३३ हा आकडा लहान आहे, हे खरं. तरी आईच्या फुप्फुसातला आजार तान्ह्या बाळाच्या एचआयव्हीच्या धोक्याशी जोडलेला आहे, हे २०११ मध्ये जगापुढे आलं ते पुण्यातल्या या मातांमुळे.

आज आपण काय करायचं?

२००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात. आता गरोदर स्त्रीला निदान होताच ती सुरू होतात, त्यामुळे बाळाला लागण होण्याचा धोका खूप कमी झाला आहे. तुमच्यासाठी चार गोष्टी:

• टीबी असेल तर एचआयव्हीची तपासणी करा. ती तुमच्या संमतीनेच होते आणि २०१७ च्या कायद्याने गोपनीय राहते.

• एचआयव्ही असेल तर खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं यांपैकी एक लक्षणही डॉक्टरांना लगेच सांगा. दोन आठवडे थांबू नका. अशा रुग्णात बेडक्यात जंतू सापडतीलच असं नाही आणि एक्स-रेही फसवू शकतो.

• टीबी नसेल तर तो टाळण्याचं औषध घ्यायचं का, हे विचारा.

• दोन्ही उपचार सुरू असताना सुरुवातीला ताप किंवा गाठी वाढू शकतात. प्रतिकारशक्ती परतू लागल्याचं ते लक्षण असू शकतं. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना भेटा.

एचआयव्हीबद्दल माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. तुमचा टीबी बरा होतो आणि एचआयव्ही आटोक्यात राहतो, पण त्यासाठी दोन्ही आहेत की नाहीत हे आधी कळायला हवं.